घरातली बाई धंदा सुरू करतीय? मग आजूबाजूच्यांनी काय करायचं ते सांगते

मी कराडची. चौदा वर्षं झाली, कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करून विकतीय. हा व्याप जरा मार्गी लागल्यापासून गल्लीतल्या, बचत गटातल्या, मग त्यांच्या बहिणी, जावा, नणंदा अशा कितीतरी जणी "ताई, मला पण काहीतरी सुरू करायचंय" म्हणत घरी येऊन बसल्यात. सुरुवातीला मी त्यांना बाईने काय करायचं तेच सांगायचे, माल कुठून उचलायचा, पिशव्या कुठल्या घ्यायच्या, रजिस्ट्रेशन कसं करायचं. मग हळूहळू लक्षात आलं की यातलं निम्मं त्यांना आधीच येत असतं, उरलेलं महिन्याभरात येतं, आणि तरी सहा-आठ महिन्यांनी काम बंद पडलेलं असतं, कारण घरातून आणि शेजारातून जे मिळायला पाहिजे ते मिळालेलं नसतं. "आमचा पूर्ण पाठिंबा आहे हां" असं तोंडाने सगळेच म्हणतात. पण तो पाठिंबा रोजच्या दिवसात नेमका कुठे दिसतो ते बघायला गेलं की हाताला काही लागत नाही. म्हणून हे सगळं नवऱ्यांसाठी, सासवांसाठी, भावांसाठी, मैत्रिणींसाठी आणि शेजाऱ्यांसाठी लिहितीय.

पहिली गोष्ट, ती जे करतीय त्याला धंदा म्हणा. "टाइमपास म्हणून करते", "घरबसल्या काहीतरी", "तेवढाच तिचा हातखर्च" हे शब्द पाहुण्यांसमोर वापरणं आजपासून बंद. मुंबईत गिरणगावात बायका घरी खानावळी चालवायच्या, गावाकडून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण करून घालायच्या, त्यासाठी किराणा उधारीवर उचलायच्या आणि वर व्याज भरत बसायच्या. हा सरळसरळ धंदा होता, पण व्यवसाय करणाऱ्या बायका म्हणून त्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेची कर्जं त्यांच्यापर्यंत पोचवली. बायका त्याच, चूल तीच, जेवण पण तेच, फक्त हा व्यवसाय आहे असं कोणीतरी मानलं आणि तसं कागदावर आणलं. तुमच्या घरात ते मानायचं काम तुमचं आहे. बाहेर ओळख करून देताना "ही आमची मिसेस, हिचा डब्यांचा व्यवसाय आहे" एवढं म्हणून बघा, ती किंमत सांगताना किती ताठ उभी राहते ते तुम्हालाच दिसेल.

आता वेळ. माझ्या मते भांडवलापेक्षा मोठा प्रश्न हाच आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याचा सर्व्हे केला होता, त्यात ज्या बायका आपल्या घरचं काम करतात त्यांचा त्या कामात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाला आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा 97 मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास रोजचे तिथे जातात, त्यात म्हाताऱ्या माणसांचं, लेकरांचं करणं धरलेलंच नाही, ते वेगळं. मग उरलेल्या तुकड्यातुकड्यांत ती ब्लाउज शिवणार, ऑर्डरी घेणार, पार्सल करणार, आणि आपण म्हणणार हिच्याकडून वेळेवर होत नाही.

तर काय करायचं, घरात बसून एक वेळ ठरवायची. दिवसातले दोन तास, रोज तेच, आणि त्या दोन तासांत ती घरात असली तरी कामावर गेलीय असं धरायचं. दाराची बेल तुम्ही बघायची, गॅस सिलेंडरवाला तुम्ही बघायचा, पोराला भूक लागली तर तुम्ही बघायचं. दुपारी घरात कोणीच नसेल तर सकाळी 6 ते 8 ठेवा, किंवा रात्री जेवणं झाल्यावर, पण रोज बदलू नका. आमच्या घरात हे जमायला चार-पाच महिने लागले. पहिले पंधरा दिवस सगळे शहाण्यासारखे वागले, मग कोणीतरी "पाचच मिनिटं गं" म्हणत आत यायला लागलं, आणि त्या पाच मिनिटांत माझं खोबरं दोनदा करपलं, मग एकदा सगळ्यांना समोर बसवून करपलेल्या खोबऱ्याचे पैसे मोजून दाखवले तेव्हा कुठे ते थांबलं.

आणि अजून एक, मदत करू नका, काम अंगावर घ्या. दोन्हीत खूप फरक आहे बरं. "भाजी आणून देतो, काय आणू सांग" ही मदत झाली, यात विचार तिनेच करायचा, फ्रीजमध्ये काय आहे ते तिनेच आठवायचं, यादी तिनेच करायची. काम अंगावर घेणं म्हणजे भाजी हा विषयच तुमचा, काय संपलंय, काय आणायचं, उद्या डब्याला काय हे सगळं तुमच्या डोक्यात. असं एकच काम कायमचं घ्या, शाळेचा डबा घ्या, नाहीतर पाणी यायच्या वेळेला भांडी भरून ठेवायचं घ्या, आजोबांच्या गोळ्या घ्या. एक आख्खं काम तिच्या डोक्यातून गेलं की तिथे धंद्याला जागा होते.

सासूबाईंबद्दल दोन शब्द, कारण सगळे त्यांनाच खलनायिका करतात. मी पाहिलंय की जिथे सासू मनावर घेते तिथे काम सगळ्यात जोरात चालतं. आमच्या मागच्या आळीत एक जण शिवणकाम करते, तिच्या सासूबाई दुपारी ओसरीवर वही घेऊन बसतात, कोण माप देऊन गेलं, कोणाचे पैसे राहिलेत, कोणाचं लग्न कधी, सगळं त्यांच्या वहीत. सुनेला उधारी मागायला लाज वाटते, सासूबाईंना अजिबात वाटत नाही, आणि त्यांनी मागितली की माणूस पैसे देऊनच जातो. सासूबाई विरोधात असतील तर भांडण्याआधी एकदा त्यांना धंद्यातलं एखादं खरं काम देऊन बघा, खोटं खोटं मन राखायचं काम नको. मसाल्याची चव बघायचं, चकलीची भाजणी कितपत भाजायची ते सांगायचं, त्यांच्या चाळीस वर्षांच्या हाताला मान आणि जमलं तर महिन्याला थोडे पैसे पण द्या. त्या आजवर फुकटच राबल्यात, विरोधाचं एक कारण ते पण असतं.

आता हिशोब, इथे जरा निवांत वाचा कारण सगळ्यात जास्त बायका इथेच मार खातात.

पुरणपोळीचं उदाहरण घेते. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी 20 रुपयाला एक पोळी द्यायच्या, आणि सामानाचा खर्च 13-14 रुपये येतो म्हणजे पोळीमागे 6 रुपये सुटतात असं धरून चालल्या होत्या. मी म्हटलं चला वही काढा. एक किलो डाळ, एक किलो गूळ, त्यात साधारण 35 पोळ्या होतात त्यांच्या. डाळ 100, गूळ 60, कणीक-मैदा 45, तेल 35, तूप 100, वेलदोडे-जायफळ 30, गॅस 50, आणि पाच-पाच पोळ्यांचे सात डबे, डब्याला 8 रुपये म्हणजे 56. बेरीज 476. हे आमच्याकडचे भाव, तुमच्याकडचे तुम्ही टाका. 35 पोळ्या 20 ने गेल्या की 700 रुपये आले, त्यातून 476 गेले, राहिले 224. आता वेळ किती लागला? डाळ शिजवणं, पुरण वाटणं, पीठ तिंबणं, लाटणं, भाजणं, गार करून भरणं, आवरणं, मिळून पाच तास. 224 भागिले 5, म्हणजे तासाला 45 रुपयाच्या आतच. आणि यात फाटलेल्या पोळ्या नाहीत, रिक्षा नाही, तवा-मिक्सरची झीज नाही.

त्या वहिनी बराच वेळ वहीकडे बघत बसल्या. मग 30 रुपये भाव केला, 35 पोळ्यांचे 1050, खर्च जाऊन 574, तासाला 115 च्या आसपास. तीन-चार गिऱ्हाइकं सुटली, बाकी सगळी राहिली, आणि कमी पोळ्यांत जास्त पैसे यायला लागले.

यात तुमचं काम काय? तिच्याबरोबर एक संध्याकाळ बसा आणि असा हिशोब मांडा, तिची मजुरी धरून. मजुरी धरायला ती स्वतः तयार नसते, "माझं काय, मी घरचीच" म्हणते, तिथे तुम्ही हट्ट धरायचा. दुसरं म्हणजे तिने भाव वाढवला की "एवढे कोण देणार" हे वाक्य गिळून टाका. ते वाक्य तिच्या मनात आधीच दहा वेळा येऊन गेलेलं असतं, अकराव्यांदा घरच्या माणसाकडून ऐकलं की ती लगेच मागे येते. आणि हिशोबाची वही रोज लिहायची सवय लागेपर्यंत रात्री फक्त एवढंच विचारा, "आज लिहिलंस का?" वही मात्र तिनेच लिहायची. तुम्ही तिच्यासाठी हिशोब ठेवायला लागलात की सहा महिन्यांनी धंदा कोणाचा ते कळेनासं होतं.

त्यावरून पैशाकडे येते. पैसा तिच्या नावावर, तिच्या खात्यात, आणि त्या खात्याला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला, या तिन्ही गोष्टी पाहिजेत. मी असे किती स्टॉल बघितलेत जिथे बाई उभी आहे, माल तिचा, बोर्डावर नाव तिचं, आणि क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा. वाईट हेतू नसतो, "माझं आधीच होतं म्हणून लावलं" एवढंच असतं. पण मग संध्याकाळी किती आले ते तिला विचारून कळतं, आणि वर्षभराने बँकेत गेली की तिच्या खात्यावर एकही व्यवहार दिसत नाही. बँक तोंडाकडे बघून कर्ज देत नाही, स्टेटमेंट बघून देते. म्हणून पहिल्या दिवसापासून तिचा कोड, तिचं यूपीआय, आणि पिन तिलाच माहीत. तिला अ‍ॅप वापरता येत नसेल तर शिकवा, दहा-दहा रुपये इकडून तिकडे पाठवून आठवडाभर सराव करून घ्या, भीती जाते.

घर किंवा जमिनीवर तिचं नाव लागत असेल तर ते पण लावून घ्या. शेतकरी संघटनेने 1990 च्या आसपास लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम चालवली होती, शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा आपणहून बायकोच्या नावावर करायचा, आणि खूप गावांत लोकांनी तो केला. मला ते फार मोठं काम वाटतं, कारण नावावर काही असलेली बाई दुकानात, बँकेत, ग्रामपंचायतीत वेगळ्या आवाजात बोलते, हे मी समोर बघितलंय. नवीन फ्लॅट घेणार असाल तर महाराष्ट्रात बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट 2021 पासून आहे, तेवढाच फायदा.

कागदपत्रांचं फार काही अवघड नाही, लोक उगाच घाबरवतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होतं आणि फुकट होतं. पुन्हा सांगते, फुकट, त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर उठून या. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, नाव काढलं की लोकांना वाटतं मोठं लायसन, पण छोट्या घरगुती कामाला साधं रजिस्ट्रेशन लागतं, वर्षाला 100 रुपये फी, त्याचा 14 आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. पाकिटावर पदार्थाचं नाव, काय काय घातलंय, वजन, किंमत, कधी भरलं, कधीपर्यंत चांगलं, कोणी केलं त्याचा पत्ता आणि शाकाहारीचा हिरवा ठिपका एवढं पाहिजेच. दुकान टाकलं आणि माणसं दहापेक्षा कमी असली तर शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. मालाची विक्री वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची झंझट नाही. भावाने किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने एक रविवार दिला तर यातलं बरंचसं लॅपटॉपवर बसून होऊन जातं, फक्त लॉगिन, पासवर्ड तिच्या डायरीत तिच्या अक्षरात लिहिलेले असू देत, सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइलवर ओटीपी जाणार असं काही ठेवू नका.

कर्जाबद्दल मात्र दमाने घ्या. आधी हे विचारा की पैसा कशाला पाहिजे आणि तो परत कधी येणार. आमच्या मसाल्याचं बघा, मिरची येते फेब्रुवारी-मार्चला, ब्याडगी, लवंगी, शंकेश्वरी जी घ्यायची ती तेव्हाच घेऊन ठेवायची, वाळवायची, देठं काढायची, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायची, आणि विक्री एप्रिलपासून पुढे पाऊस लागेपर्यंत जोरात, नंतर वर्षभर थोडी थोडी. म्हणजे पैसा लागतो एका महिन्यात आणि परत येतो चार-पाच महिन्यांत. अशा धंद्याला जर पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होणारं कर्ज घेतलं तर हप्ता भरायला मिरचीच स्वस्तात विकायची पाळी येते. म्हणून बँकेत गेल्यावर आपला धंदा कुठल्या महिन्यात पैसे देतो ते कागदावर लिहून न्यायचं. मशीन घ्यायचं असेल तर वेगळं कर्ज, कच्चा माल भरायचा असेल तर वेगळं, हे मॅनेजरला स्पष्ट सांगायचं.

मुद्रा योजनेत शिशु म्हणजे 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत, आणि त्याला तारण लागत नाही. मोठं युनिट टाकायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, त्यात बाईला शहरात 25 टक्के आणि खेड्यात 35 टक्के अनुदान, आणि स्वतःचे घालायचे फक्त 5 टक्के. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करायची. पण हे अनुदान हातात रोख मिळत नाही, बँकेतच तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं आणि नंतर कर्जातून वळतं होतं. हे न सांगता एजंट लोक "35 टक्के माफ" म्हणून सह्या घेतात. सही करायच्या आधी घरातल्या कोणीतरी तिच्या शेजारी बसून सगळा कागद मोठ्याने वाचा.

आणि सगळ्यात कळकळीने सांगते, तिच्या नावावर तुमच्यासाठी कर्ज काढू नका. गटाचं कर्ज बाईला पटकन मिळतं म्हणून तिच्या नावावर उचलायचं आणि गाडी घ्यायची, भावकीतलं लग्न करायचं, असं खूप चालतं. आमच्या गटात एकीच्या बाबतीत हेच झालं. तिने पीठ गिरणीसाठी कर्ज घेतलं, पैसे घरच्यांनी दुसरीकडे वळवले, गिरणी आलीच नाही, आणि हप्ते मात्र ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाऊन फेडत राहिली. फेडायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत ती कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. मला आजही वाटतं आम्ही गटातल्यांनी तेव्हा गिरणीचं कोटेशन आणि पावती मागायला पाहिजे होती. आता मागतो. पैसे शक्यतो थेट मशीनवाल्याच्या खात्यात जातील असं बघतो.

बँकेत तिला कोणी नीट बोलत नसेल तर तिच्याबरोबर जा, पण तिच्या वतीने बोलू नका. शेजारी बसा, तिला बोलू द्या. आमच्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली, 1997 साली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला होता, कारण सभासद बायकांचे अंगठे होते. मग या बायका लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं की आम्हाला वाचता येत नव्हतं पण हिशोब येतो, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, बघू आधी कोण काढतं. लायसन मिळालं. मी नव्या पोरींना ही गोष्ट बँकेत जायच्या आदल्या दिवशी सांगते, कारण त्यांना वाटत असतं आपल्याला इंग्लिश येत नाही म्हणून आपल्याला काहीच येत नाही.

आता शेजारी आणि मैत्रिणींनो, तुमच्याकडे वळते. तुमचा आधार म्हणजे तुमची ऑर्डर, पूर्ण भावाने, वेळेवर पैसे देऊन. "आपल्याच आहात, काहीतरी कमी करा की" हे मॉलमध्ये कोणी म्हणत नाही. ओळख आहे म्हणून उलट आधी पैसे द्या, कारण ती तुमच्याकडे मागू शकत नाही, तीच तर अडचण आहे. दिवाळीत पाच किलो चकली सांगून आयत्या वेळी तीनच उचलली तर दोन किलो तिच्या घरात पडून राहते, म्हणून सांगितलं तेवढं घ्यायचं, आणि ऑर्डर देताना निम्मे पैसे द्यायचे. काही आवडलं नाही, तेलाचा वास आला, मीठ जास्त झालं, तर ग्रुपवर लिहू नका, तिला एकटीला फोन करून सांगा, पण सांगा नक्की. "छान आहे छान आहे" म्हणून पुढच्या वेळी दुसरीकडून घेणाऱ्या मैत्रिणींमुळे आमचं जास्त नुकसान होतं, कारण काय चुकलं तेच कळत नाही.

चांगलं-वाईट तोंडावर सांगणारं माणूस किती महत्त्वाचं असतं ते लिज्जतवरून कळतं. 1959 च्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा म्हणजे छगनलाल पारेख यांनी हलक्या प्रतीचा स्वस्त पापड बंद करून एकच चांगला पापड करायला लावला, आणि हिशोब पहिल्यापासून चोख ठेवायला सांगितलं. तोटा झाला तरी देणग्या घ्यायच्या नाहीत हे पण त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. मला यातलं 80 रुपयांपेक्षा ते स्वस्त पापड बंद करायला लावणं जास्त मोलाचं वाटतं. तुमच्या मैत्रिणीसाठी तुम्ही तसं कोणीतरी व्हा.

अजून एक करता येतं, तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, शाळेत जिथे तुमचा शब्द चालतो तिथे तिचं नाव टाका. ऑफिसच्या दिवाळीच्या बॉक्सची ऑर्डर, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे, हळदीकुंकवाचं वाण, सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद, या ऑर्डरी कुठेतरी जातातच. एक अशी ऑर्डर आली की बाईला दहा किलोचं काम करायची सवय होते, मग दुकानदाराशी बोलायची भीती जाते. प्रदर्शनात स्टॉल लावायचा असेल, पुण्यातली भीमथडी जत्रा असो किंवा तालुक्यातलं बचत गटाचं प्रदर्शन, पहिल्या वर्षी स्टॉल न लावता एक दिवस नुसतं फिरून या, कुठल्या स्टॉलवर गर्दी, पाकिटं केवढी, भाव काय. 250 ग्रॅमचं पाकीट प्रदर्शनात पटापट जातं आणि किलोचं तसंच परत येतं, हे मी पहिल्या वर्षी सगळा मसाला किलोत भरून नेला तेव्हा शिकले. आणि स्टॉलवर तिच्याबरोबर कोणीतरी रोज पाहिजेच, जेवायला आणि बाथरूमला जायला तरी सुटका होते. घरी असलेल्यांनी तेवढे दिवस घर सांभाळायचं, आणि "कधी येणार" म्हणून दर तासाला फोन करायचा नाही.

एकटी असेल तर तिला गटात आणा. गावात उमेदचे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे गट आहेत, बऱ्याच ठिकाणी माविमचे, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचे आहेत, माविम तर 1975 पासून काम करतंय. गटात व्याज कमी पडतं हे तर आहेच, पण मला वाटतं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे महिन्यातून एकदा बाकीच्या नऊ-दहा जणींसमोर बसून "माझा एवढा माल गेला, एवढा राहिला" हे मोठ्याने सांगायला लागतं. विधवा, परित्यक्ता, नवऱ्यापासून वेगळी राहणारी अशी कोणी ओळखीत असेल तर तिला सगळ्यात आधी घ्या, कारण जामीन कोण राहणार हा प्रश्न तिला सगळ्यात आधी विचारला जातो आणि हळदीकुंकवाला बोलावणं सगळ्यात शेवटी येतं, म्हणजे गिऱ्हाइकं मिळायच्या जागाच तिला बंद असतात. आमच्या गटाने संक्रांतीचं हळदीकुंकू बंद करून त्याच दिवशी सगळ्या बायकांचा तिळगूळ ठेवला, सगळ्या म्हणजे सगळ्या, आणि प्रत्येकीने आपला माल मांडायचा. पहिल्या वर्षी दोन-चार घरांनी नाकं मुरडली. तिसऱ्या वर्षी त्याच घरातल्या बायकांनी टेबल मागितलं.

राहता राहिलं बंद पडण्याचं. पहिला धंदा बंद पडू शकतो. तेव्हा "मी आधीच सांगितलं होतं" म्हणू नका, आणि मशीन लगेच विकायला काढू नका. तिच्याबरोबर बसून वही बघा, नेमकं कुठे गेलं, भाव कमी होता, जागा चुकली, उधारी बुडाली, की घरातलं आजारपण आलं. उधारीची यादी करून ती वसूल करायला मात्र तुम्ही जा. माझ्या एका मैत्रिणीचं पार्लर कोरोनात बंद पडलं, खुर्च्या-आरसे विकायला निघाले होते, तिच्या भावाने ते सगळं आपल्या गोठ्याशेजारच्या खोलीत नीट झाकून ठेवलं आणि दीड वर्ष त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ती मधल्या काळात भाजीच्या गाड्यावर बसत होती. मग एक दिवस तिनेच विचारलं, "दादा, आरसे आहेत का अजून?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेंपो घेऊन तिच्या दारात उभा होता.